आमचे दुभाषेपण

दुभाषी हा शब्द उच्चारला की इतिहासप्रिय वाचकाच्या डोळ्यांपुढे एखादा दरबार उभा राहतो. इ. स. १६७४ मध्ये शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या सुमारास इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला, त्या वेळी त्याच्या बरोबर नारायण शेणवी हा दुभाषी होता. वकिलाचे नाव शाळेतील पुस्तकांमुळे पुष्कळांच्या कानांवरून गेलेले असते. ज्याच्या जिभेवरून सारे बोलणे इकडचे तिकडे गेले, त्याचे नाव मात्र शोधून काढावे लागते. त्याच किल्ल्याचे नाव आमच्या जुन्या कुलाबा जिल्ह्याने १९८१ सालापासून धारण केले आहे, आणि त्याच जिल्ह्याच्या सह्याद्रीलगतच्या अंगास, कर्जत व खालापूर ह्या दोन तालुक्यांत, आम्हीही बरीच वर्षे दुभाषेपण करीत आलो आहो. दरबार आमच्या वाट्यास आला नाही. सरकारी दवाखान्यातील लाकडी बाकडे, तहसील कचेरीचा व्हरांडा, पोलीस ठाण्याच्या दाराची पायरी, हेच आमचे दरबार. ह्या कामावर आम्हांस कोणी नेमले नाही, की त्याचे वेतन दिले नाही. ‘गुरुजी, जरा इकडे या, ही बाई काय म्हणते ते पाहा बरे,’ एवढेच आमचे नेमणूकपत्र.

यावर कोणी साहजिकच विचारील की, कर्जत-खालापुरात दुभाषी हवाच कशाला? कर्जतच्या स्टेशनावर मुंबई-पुण्याच्या गाड्या उभ्या राहतात, खालापूरच्या नाक्यावरून द्रुतगती मार्गाने मोटारींची रीघ लागलेली असते, आणि कचेऱ्यांतून सर्वत्र मराठी चालते. मराठी मुलुखात मराठी सरकारशी बोलावयास मध्ये तिसरा माणूस कशास पाहिजे? हा प्रश्न आम्हांस प्रथम एका सुशिक्षित स्नेह्याने विचारला, आणि खरे सांगावयाचे तर आरंभी आम्हीही तो स्वतःस विचारीत असू.

उत्तर डोंगराच्या पायथ्याशी आहे. ह्या दोन तालुक्यांच्या वाड्यांतून ठाकर व कातकरी राहतात. ठाकरांत ‘क’ आणि ‘म’ असे दोन भेद, कातकऱ्यांत सोन आणि ढोर. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी किंवा काथोडी. पण जंगलावर सरकारचा कायदा बसला आणि तो धंदा गेला, नाव तेवढे राहिले. ग्रियर्सनच्या भाषापाहणीचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली निघाला, त्यात या बोलींची नोंद आहे. वेलिंग यांनी कातकऱ्यांवर १९३४ साली इंग्रजीत पुस्तक लिहिले, तर ल. ना. चापेकर यांनी १९६० साली ठाकरांवर. महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींस सरकार विशेष दुर्बल मानते, त्यांत कोलाम व माडिया गोंड यांच्या जोडीस कातकरी आहेत. अर्थात ह्या लोकांची बोली निराळी आहे ही गोष्ट विद्वानांस शंभरांहून अधिक वर्षे ठाऊक आहे. फक्त ती कचेरीच्या टेबलापर्यंत पोहोचलेली नाही.

बाजारापुरती मराठी कातकऱ्यास येते. मासळीचा वाटा, मोळीचा भाव, मजुरीचा हिशेब, एवढ्या व्यवहारात त्याला कोणाचे साहाय्य लागत नाही. पण बाजारची मराठी निराळी आणि कचेरीची निराळी. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, कोश सिद्ध झाले, आणि इंग्रजी शब्दांच्या जागी मराठी शब्द आले. हे कार्य मोठे झाले यात संशय नाही. मात्र ‘उपरोक्त अर्जदार सदर क्षेत्राचा कब्जेदार असल्याबाबत’ हे वाक्य वाडीवरील माणसास जितके परके, तितकेच कर्जतच्या भाजीवाल्यासही परके आहे. भाजीवाला निदान ‘म्हणजे काय हो साहेब?’ असे विचारतो. कातकरी विचारीत नाही. तो ‘हो’ म्हणतो.

ह्या ‘हो’विषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. आम्ही लहानपणी वाडीतील मुलांबरोबर नदीवर खेकडे धरावयास जात असू, त्या वेळी त्यांची बोली आमच्या तोंडी आपोआप बसली. तेव्हा कोणीही पोरगे आम्हांस ‘हो’ म्हणत नसे. उलट आमची प्रत्येक गोष्ट खोडून काढण्यात त्यांना आनंद वाटे. तीच मुले मोठी होऊन कचेरीत उभी राहिली की निराळीच दिसतात. ‘तुला कळले का?’ ‘हो.’ ‘हे तूच केलेस ना?’ ‘हो.’ ‘तू नाही ना केलेस?’ ‘हो.’ हा ‘हो’ कबुलीचा नव्हे, होकाराचाही नव्हे. ‘तू मोठा माणूस आहेस, तू बोललास ते माझ्या कानी आले, आता मला जाऊ दे,’ एवढा त्याचा अर्थ. हा अनुभव आमच्याच डोंगरातील आहे असे आम्ही समजत होतो. पुढे वाचनात आले की, १९७६ साली ऑस्ट्रेलियाच्या उत्तर प्रदेशातील सर्वोच्च न्यायालयात अनुंगा खटल्यात न्यायमूर्ती फॉर्स्टर यांनी पोलिसांस नियम घालून दिले. तेथील आदिवासी सौजन्यापोटी समोरच्याला आवडेल असेच उत्तर देतो, म्हणून चौकशीच्या वेळी दुभाषी असावा आणि उत्तर सुचविणारे प्रश्न विचारू नयेत, असा त्यांचा आशय. त्याच प्रदेशात २००० सालापासून आदिवासी भाषांच्या दुभाष्यांचे सरकारी खातेच आहे. साता समुद्रांपलीकडील तो ‘हो’ आणि आमच्या वाडीवरील ‘हो’ एकमेकांचे सख्खे भाऊ निघाले, हे वाचून आम्हांस आश्चर्य वाटले आणि थोडा धीरही आला.

दुसरी अडचण मानाची. वाडीवरील म्हाताऱ्यास ‘आपण’ ठाऊक नाही आणि ‘तुम्ही’चा सराव नाही. तो देवाला ‘तू’ म्हणतो, बायकोला ‘तू’ म्हणतो आणि साहेबालाही ‘तू’च म्हणतो. एकदा एका अधिकाऱ्यास अशाच एका वृद्धाने मोठ्या मायेने विचारले, ‘तू जेवलास का?’ अधिकारी तापला. आम्ही घाईघाईने म्हणालो, ‘आपले भोजन झाले का, असे तो आदराने विचारतो आहे.’ अधिकारी शांत झाला, काम झाले. त्या दिवशी आम्हांस आपल्या चातुर्याचा अभिमान वाटला. आता वाटते, त्या अभिमानातच आमच्या पुढील चुकीचे बी होते. समोरच्याला रुचेल असे शब्द बदलून देण्याची सवय एकदा जडली की ती ‘तू’पाशी थांबत नाही.

ती चूक सांगितल्यावाचून हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

काही वर्षांपूर्वी, वैशाखाच्या अखेरीस, एका सरकारी दवाखान्यात आम्ही दुसऱ्याच कामासाठी बसलो होतो. ओळखीच्या वाडीवरील एक कातकरी बाई तेथे आली. तिला आदल्या आश्विनात क्षयाचे निदान होऊन गोळ्या सुरू झाल्या होत्या. दिवाळी होताच नवऱ्याने मुकादमाकडून उचल घेतली आणि सारे बिऱ्हाड वीटभट्टीवर गेले. आमच्याकडील पुष्कळ कातकऱ्यांचे वर्ष असेच दोन ठिकाणी विभागलेले असते. दिवाळीनंतर भट्टी, आणि आगोटीपूर्वी पुन्हा वाडी. बाईचे कार्ड हरवले होते. डॉक्टर नवे होते, दाराशी मोठी रांग होती. त्यांनी आम्हांस हाक मारली. ‘हिने गोळ्या घेतल्या का ते विचारा,’ म्हणाले.

आम्ही विचारले. ती जे बोलली ते मराठी वळणाने येथे देतो: ‘गोळ्या कधीच्याच सरल्या.’

आम्ही डॉक्टरांस सांगितले, ‘गोळ्या केव्हाच पूर्ण झाल्या, असे म्हणते.’

साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. आश्विनापासून वैशाखापर्यंत ते महिने भरत होते. बाईचा खोकलाही कमी दिसत होता. डॉक्टर म्हणाले, ‘छान. थुंकी एकदा तपासून घेऊ, पुढच्या वेळी या.’ आम्ही ते तिला सांगितले. ती ‘हो’ म्हणाली.

श्रावणात तिला झोळीत घालून चार माणसांनी डांबरी रस्त्यापर्यंत आणले, कारण पावसात त्या वाडीवर गाडी जात नाही. तिला रक्त पडू लागले होते. तेव्हा उलगडा झाला. भट्टीवर जाताना हाताशी होत्या तेवढ्याच गोळ्या तिने नेल्या होत्या. त्या काही आठवड्यांत सरल्या. सरल्या म्हणजे उरल्या नाहीत. कणगीतले दाणे सरतात, बाटलीतले तेल सरते, मडक्यातले मीठ सरते, तशा त्या सरल्या. गरिबाच्या घरात वस्तू नेहमी सरते. पूर्ण काहीच होत नाही. हे आम्हांस ठाऊक नव्हते असे नाही. तो शब्द आम्ही बाळपणापासून ऐकत आलो होतो. पण रांग मोठी होती, डॉक्टर घाईत होते, आणि नीटनेटके मराठी वाक्य तत्काळ हजर करण्यात आम्ही प्रतिष्ठा मानीत होतो. ‘सरल्या म्हणजे किती दिवसांनी सरल्या?’ एवढा एकच प्रश्न विचारावयाचा राहिला.

ती बाई वाचली. मात्र अर्धवट सोडलेल्या औषधाने रोग चिवट होतो. दुसऱ्या खेपेचा उपचार अधिक लांबला आणि अधिक कष्टाचा झाला. त्या वर्षी ती भट्टीवर जाऊ शकली नाही. उचल मात्र अंगावर होतीच. ती फेडण्यासाठी तिचा थोरला मुलगा आश्रमशाळा सोडून बापाबरोबर विटा थापावयास गेला, तो शाळेत परत आला नाही. तिने आम्हांस कधी बोल लावला नाही. गोष्ट ‘सरल्या’ ह्या एका शब्दापाशी अडली होती, हे तिला अजूनही ठाऊक नसेल. आम्हांस ठाऊक आहे, आणि मुलगा वाटेत भेटला की तो ‘गुरुजी’ म्हणून हसतो, ते हसणे आम्हांस सहन होत नाही.

न्यायालयात साक्ष देणाऱ्याप्रमाणे दुभाष्यासही शपथ घ्यावी लागते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, साक्षीपुराव्याची भाषा आरोपीस समजत नसेल तर ती त्याला समजणाऱ्या भाषेत उघड कोर्टात समजावून द्यावी, असे होते, आणि दुभाष्याने खरेच भाषांतर केले पाहिजे असेही होते. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी जो नवा कायदा आला, त्यातही ही तरतूद कायम आहे. मनुष्याचे स्वातंत्र्य जेथे पणास लागते तेथे कायद्याने ही खबरदारी घेतली. जेथे त्याचा प्राण पणास लागतो, त्या दवाखान्याच्या बाकड्यावर आम्ही कोणतीही शपथ न घेता बसलो होतो.

त्यानंतर आम्ही आमच्यापुरते काही नियम केले. शब्द न कळला तर ‘कळला नाही’ असे दोन्ही पक्षांस सांगावयाचे. ‘हो’ हे उत्तर म्हणून धरावयाचे नाही. ‘काय करशील ते तू मला सांग’ असे विचारून तिच्याच तोंडून ऐकावयाचे. आणि ओबडधोबड बोलणे ओबडधोबडच पोहोचवावयाचे. एकदा डॉक्टर म्हणाले, ‘ही गोळी दोन वेळा, जेवणानंतर.’ ऐकणाऱ्या बाईने विचारले, ‘ज्या दिवशी एकदाच जेवू त्या दिवशी?’ पूर्वीचे आम्ही असतो तर हा प्रश्न गिळून ‘रिकाम्या पोटी घेऊ नकोस’ असे आपल्याच पदरचे सांगून मोकळे झालो असतो. ह्या वेळी आम्ही प्रश्न जसाच्या तसा सांगितला. डॉक्टर क्षणभर लेखणी हातात धरून बसले, आणि मग त्यांनी चिठ्ठी बदलून दिवसातून एकदाच घ्यावयाचे औषध लिहिले.

कचेरीतही हाच नियम उपयोगी पडला. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी जी जमीन कसतो, तिच्यावर त्याला चार हेक्टरांपर्यंत हक्क सांगता येतो. २००८ च्या नियमांत पुराव्याचे जे प्रकार दिले आहेत, त्यांत दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्यांनी सांगितलेली व लिहून घेतलेली हकीकत हाही एक आहे. हा नियम करणाऱ्याने माणसाच्या तोंडच्या शब्दाचा मोठाच मान राखला. अशा एका दाव्यात शेजारच्या म्हाताऱ्याची हकीकत लिहून घेण्यास आम्ही बसलो. एक जाणता गृहस्थ म्हणाला, ‘गुरुजी, वेळ कशाला घालवता? लिहा, दिनांक १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून. अंगठा तो देईलच.’ म्हातारा ‘हो’ म्हणालाच होता. पण ज्याने आयुष्यात दिनदर्शिका पाहिली नाही त्याच्या तोंडी ती तारीख घालणे म्हणजे खऱ्या गोष्टीला खोट्याचे रूप देणे होय. उद्या कोणी त्याला ‘डिसेंबर म्हणजे काय?’ असे विचारले तर?

आम्ही लेखणी खाली ठेवली आणि मोठ्या पुराच्या वर्षाविषयी विचारले. २६ जुलै २००५ चा पाऊस आमच्या भागात कोणी विसरलेला नाही. म्हाताऱ्याचा चेहरा एकदम जागा झाला. आषाढात नदीचे पाणी कोठवर चढले, कोणाची गुरे गेली, कोणाचे छप्पर वाहिले, हे सारे त्याने सांगितले. शेवटी म्हणाला की, त्याच वर्षी पाऊस उघडल्यावर दावेदाराच्या बापाने ह्याच माळावरची नाचणी कापली आणि भारे खाली आणावयास तो स्वतः गेला होता. त्याआधीही कैक वर्षे राब तेथेच भाजला जात असे. नाचणी कापली म्हणजे आश्विन-कार्तिक. म्हणजे कायद्याच्या तारखेपूर्वी महिनाभर तरी. आम्ही त्याचेच शब्द लिहिले आणि तारखेचा हिशेब खाली निराळा मांडला. दावा मंजूर झाला, मागणीपेक्षा कमी क्षेत्राचा. पण त्या हकीकतीवर कोणी शंका काढली नाही. सरकारची तारीख आणि डोंगराची आठवण ह्यांची गाठ घालून देता आली, ह्याचे समाधान आम्हांस अद्याप आहे.

असो. हे समाधान फार काळ मिरवावे असे नाही. आता त्या दवाखान्यात आमच्यापेक्षा चांगला दुभाषी आला आहे. वाडीवरचीच एक मुलगी बारावीपर्यंत शिकली आणि आशा म्हणून काम करू लागली. प्रथम ती आमच्या मागे उभी राहून ऐके. गेल्या भाद्रपदात एक आई तान्हे मूल घेऊन आली. डॉक्टरांनी विचारले, ‘मूल रडते का?’ आई म्हणाली, ‘नाही, गप आहे.’ आम्ही नियमाप्रमाणे जसेच्या तसे सांगितले, ‘मूल गप आहे, म्हणते. रडत नाही.’ डॉक्टरांनी मान हलवून पुढचे नाव पुकारण्यास सांगितले.

तोच मागून आवाज आला, ‘गुरुजी, तसं नाही म्हणत ती. काल रात्रीपर्यंत रडत होतं, आज रडतच नाही. तेच सांगायला आली आहे ती.’

डॉक्टर खुर्चीवरून उठले. मुलाला त्याच गाडीने मोठ्या इस्पितळात नेले. पाचव्या दिवशी ते आईच्या कडेवर बसून वाडीला परतले. आम्ही शब्द जसाच्या तसा पोहोचविला होता, त्यात एक अक्षरही पदरचे घातले नव्हते, आणि तरीही निरोप पोहोचला नव्हता. ती आई तीन मैल चालत कशासाठी आली असेल हे ज्याला घरच्या अनुभवाने कळते, त्याला शब्दाच्या मागचे ऐकू येते. आम्ही नदीवर खेळून ती बोली शिकलो. त्या मुलीने आपल्या धाकट्या भावंडांच्या आजारपणात ती ऐकली होती.

कायद्यात, अंदाजपत्रकात किंवा पदांच्या यादीत तिच्या ह्या कामाला नाव मिळावे, त्याचे वेतन मिळावे आणि न्यायालयातील दुभाष्याची शपथ तिलाही मानाने घेता यावी, अशी आमची इच्छा आहे. तोवर जे आमच्या हाती होते ते आम्ही केले. बाकड्यावर थोडे सरकून बसलो आणि तिला पुढे जागा करून दिली. पुढचे नाव पुकारले गेले तेव्हा डॉक्टरांनी सवयीने आमच्याकडे पाहिले. आम्ही तिच्याकडे बोट दाखविले.